क्वेरी एका पानावर दुरुस्त केली, तोच बग दुसऱ्या पानावर

विभागाच्या पानावर ‘४८ लेख’ असं लिहिलेलं असतं आणि खाली मोजले तर ४७ च भरतात. उद्या सकाळी प्रसिद्ध व्हायचा लेख आजच साइटमॅपमध्ये (सर्च इंजिनांसाठीच्या पानांच्या यादीत) जाऊन बसतो. डिलीट केलेला लेख यादीतून जातो, पण ‘संबंधित लेख’च्या चौकटीत तसाच राहतो आणि त्यावर क्लिक केलं की ४०४. तक्रार आली की कोणीतरी त्या पानाची क्वेरी (डेटाबेसकडून माहिती मागवणारा आदेश) उघडतं, राहून गेलेली अट जोडतं आणि तिकीट बंद करतं. काही दिवसांनी तीच तक्रार दुसऱ्या पानाबद्दल येते.

अशा तक्रारी सुट्या सुट्या सोडवून संपत नाहीत, कारण दर वेळी एकच प्रत दुरुस्त होते. ‘वाचकाला दाखवायचा लेख कोणता’ हा नियम कोडमध्ये आठ-दहा ठिकाणी हाताने लिहिलेला असतो आणि प्रत्येक प्रत बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळी असते. या प्रती शोधायच्या कशा, एका जागी आणायच्या कशा आणि आणताना नव्याने काय बिघडतं ते खाली दिलं आहे. उदाहरण लेखांच्या वेबसाइटचं आहे. उत्पादनं, नोकरीच्या जाहिराती, बुकिंग यांनाही हेच लागू पडतं. कॉलम आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

आधी कॅश वगळा

आकडे जुळत नसले तर दोष अटींचाच असेल असं नाही. मोजणी कॅशमधून (आधी साठवून ठेवलेल्या उत्तरांतून) येत असेल, वाचनासाठीची रेप्लिका (डेटाबेसची प्रत) मागे पडली असेल किंवा सर्च इंडेक्स ठरावीक वेळाने सिंक होत असेल, तरी हेच लक्षण दिसतं. फरक ओळखायची खूण अशी: कॅशमुळे किंवा रेप्लिकेमुळे आलेली तफावत काही वेळाने आपोआप मिटते. अटींमुळे आलेली तफावत मिटत नाही आणि दर वेळी त्याच रेकॉर्डपाशी येऊन थांबते.

म्हणून कॅश साफ करा, मोजणीची आणि यादीची अशा दोन्ही क्वेरी मुख्य डेटाबेसवर स्वतः चालवा आणि जो लेख एकीत आहे नि दुसरीत नाही त्याचा आयडी काढा. त्या रेकॉर्डचे सगळे कॉलम डोळ्यांसमोर आले की कोणती अट कुठे राहिली ते बहुतेक वेळा लगेच कळतं.

एकत्र करायचा तो नियम, अख्खी क्वेरी नाही

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. दोन क्वेरी सारख्या दिसतात म्हणून त्यांचं एक फंक्शन करून टाकलं जातं. मुखपृष्ठावर ताजे १० लेख येतात, रोजच्या ईमेलमध्येही ताजे १० लेख जातात. मग ‘ताजे दहा लेख’ असं एक फंक्शन तयार होतं. पुढे ईमेलमध्ये ५ हवे होतात, मुखपृष्ठावर आधी पिन केलेले लेख हवे होतात आणि फंक्शनला एकेक पॅरामीटर चिकटत जातो. शेवटी आत सहा ‘इफ’ असलेलं, कोणालाच हात लावावासा न वाटणारं फंक्शन उरतं.

प्रत्येक अटीबद्दल एक प्रश्न विचारा: उद्या हा नियम बदलला तर तो दोन्ही ठिकाणी बदलायलाच हवा का? ‘डिलीट केलेला लेख दाखवायचा नाही’ याचं उत्तर हो असं येतं, म्हणून ती अट एका जागी. ‘१०’ हा आकडा दोन्हीकडे सारखा असणं हा योगायोग, म्हणून तो जिथला तिथे. कॉलमची निवड, क्रम, मर्यादा या गोष्टी क्वेरी मागवणाऱ्याकडेच राहू द्याव्यात. एका जागी जाते ती ‘व्हेअर’मधली अट, तिला दिलेल्या ठळक नावासह.

उलट बाजूही आहे: मजकूर पूर्ण वेगळा, पण नियम तोच. क्रॉन स्क्रिप्टमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) हाताने लिहिलेलं एसक्यूएल, पानावर ओआरएम (कोडमधल्या मॉडेलवरून एसक्यूएल बनवणारी लायब्ररी) आणि लेखाच्या स्वतःच्या पानावर तर क्वेरीत अटच नाही. तिथे आयडीने रेकॉर्ड आणायचा आणि मग ‘इफ’ने स्टेटस तपासायचं. हा तिसरा प्रकार हमखास नजरेतून सुटतो. त्यामुळे एका नियमाची दोन रूपं ठेवावी लागतात: एक क्वेरीत लावायची अट आणि दुसरं हातात आलेल्या एका रेकॉर्डला ‘तू दिसायचा का’ असं विचारणारं छोटं फंक्शन. दोन्ही एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक ठेवा. नंतर येणाऱ्या माणसाने एक बदललं की दुसरं समोरच दिसलं पाहिजे.

प्रती कुठे लपलेल्या असतात

टेबलच्या नावाने शोधलं तर ओआरएमचा कोड सापडत नाही, कारण तिथे मॉडेलचं नाव असतं. मॉडेलच्या नावाने शोधलं तर शेकडो ओळी येतात. नियमातल्या सगळ्यात वैशिष्ट्यपूर्ण कॉलमच्या नावाने शोधणं फायद्याचं: ‘स्टेटस’ दहा टेबलांत असतो, ‘पब्लिश_ॲट’ मात्र फारसा कुठे नसतो. ग्रेप (फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) चालवताना मायग्रेशन, व्हेंडर आणि नोड मॉड्यूल्सचे फोल्डर वगळा. टेम्प्लेट मात्र वगळू नका.

पण ज्या प्रतीत ती अट मुळातच राहून गेली आहे ती या शोधात येणार नाही, आणि आपल्याला हवी असते तीच. म्हणून ही ठिकाणं एकेक करून हाताने तपासावी लागतात: साइटमॅप, आरएसएस फीड, सीएसव्ही एक्सपोर्ट, ईमेल पाठवणारी स्क्रिप्ट, सर्चमधलं ऑटोकम्प्लीट, सर्च इंडेक्स भरणारं काम, कॅश आधीच भरून ठेवणारी स्क्रिप्ट, एपीआयची जुनी आवृत्ती, टॅग क्लाउड आणि मेनूतले आकडे. शेवटच्या दोनांत दोष जवळजवळ ठरलेला असतो, कारण ‘नुसती मोजणी तर आहे’ म्हणून तिथे कोणी अटींचा विचार करत नाही.

दुसरी वाट डेटाबेसकडून येते. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन चालू करा. त्याचं नाव ‘शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज’मध्ये घालून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो आणि मग त्या डेटाबेसमध्ये ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ चालवावं लागतं. त्यात क्वेरीतले आकडे आणि मजकूर काढून त्या जागी डॉलर-एक, डॉलर-दोन अशा खुणा येतात, त्यामुळे एका ढाच्याच्या हजारो क्वेरी एकाच ओळीत जमा होतात. मायएसक्यूएलमध्ये हेच काम परफॉर्मन्स स्कीमातलं ‘इव्हेंट्स_स्टेटमेंट्स_समरी_बाय_डायजेस्ट’ हे टेबल करतं. ढाचा ‘डायजेस्ट_टेक्स्ट’ कॉलममध्ये मिळतो.

आता त्या यादीत अशा क्वेरी शोधा, ज्यात लेखांच्या टेबलचं नाव आहे पण ‘डिलीटेड_ॲट’ कुठेच नाही. या झाल्या संशयित. तुकडे जोडून तयार केलेलं एसक्यूएल ग्रेपला दिसत नाही, ते इथे अख्खं दिसतं. एक काळजी घ्या: पोस्टग्रेसच्या या यादीत मुळात ५००० ढाच्यांपुरतीच जागा असते आणि ती भरली की सगळ्यात कमी चाललेल्या क्वेरी बाहेर फेकल्या जातात. महिन्यातून एकदा चालणारी स्क्रिप्ट अशीच गायब होते. तिच्यासाठी मर्यादा वाढवा, किंवा ती चालून गेल्यावर लगेच यादी पाहा.

सापडलेल्या सगळ्या जागांचा एक तक्ता करा. प्रत्येक जागेला एक ओळ, प्रत्येक अटीला एक रकाना, आणि रकान्यात ती अट जशी लिहिली आहे तशीच्या तशी. नुसतं ‘आहे’ आणि ‘नाही’ लिहू नका, कारण खरी गंमत ‘आहे’च्या आतच असते. हे फरक जवळजवळ प्रत्येक जुन्या कोडमध्ये निघतात:

एकीकडे स्टेटस ‘पब्लिश्ड’ला बरोबर असं तपासलेलं, दुसरीकडे ‘ड्राफ्ट’ नसलेलं असं. दोनच स्टेटस असेपर्यंत दोन्हीचं उत्तर एक. ज्या दिवशी ‘आर्काइव्ह्ड’ हे तिसरं स्टेटस येतं त्या दिवशी दुसरी क्वेरी जुने लेख बाहेर सोडायला लागते. शिवाय स्टेटस नल (किंमतच न भरलेलं) असेल तर ‘नसलेलं’वाली अट ती ओळ गाळून टाकते, कारण नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर ना खरं ना खोटं. नियम नेहमी ‘काय चालतं’ अशा रूपात लिहा.

‘पब्लिश_ॲट’ एकीकडे सध्याच्या वेळेशी थेट ताडलेला, दुसरीकडे ‘डेट()’ फंक्शनमध्ये गुंडाळून आजच्या तारखेशी. दुसऱ्या प्रतीत संध्याकाळी ६ चा लेख मध्यरात्रीपासूनच दिसतो. वर कॉलम फंक्शनमध्ये गेल्यामुळे त्याच्यावरचा साधा इंडेक्सही वापरता येत नाही.

एकीकडे वेळ डेटाबेसच्या ‘नाऊ()’मधून, दुसरीकडे ॲप सर्व्हरच्या घड्याळातून. साठवलेली वेळ यूटीसीत आणि ॲपची स्थानिक असेल तर काही तासांचा फरक पडतो. साइटमॅपमध्ये लेख लवकर जाण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

लेखकाने ब्लॉक केलेल्यांची यादी ‘नॉट इन’ने वगळलेली. त्या आतल्या यादीत एक जरी नल आला तरी अख्खी क्वेरी शून्य ओळी देते. तिथे ‘नॉट एग्झिस्ट्स’ वापरा.

तक्ता भरल्यावर उरतात रिकामे रकाने. त्यातले काही बग असतात, काही मुद्दाम ठेवलेले. लेखकाला स्वतःच्या डॅशबोर्डवर ड्राफ्ट दिसायलाच हवेत, ॲडमिनला डिलीट केलेले दिसायला हवेत. हा निवाडा कोड वाचून करू नका. गिट ब्लेमवरून ती ओळ कोणत्या कामासाठी आली ते पाहा आणि मजकुराची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. हा तक्ता नंतर दोनदा लागणार आहे, जपून ठेवा.

अट लिहायची कुठे

फ्रेमवर्क नसलेल्या पीएचपीत एक छोटं फंक्शन पुरतं. ते टेबलचं उपनाव घेतं आणि दोन गोष्टी परत देतं: अटीचा मजकूर आणि पॅरामीटरची यादी. ‘ल’ उपनावासाठी मजकूर असा निघतो:

(ल.स्टेटस = 'पब्लिश्ड' अँड ल.डिलीटेड_ॲट इज नल अँड ल.पब्लिश_ॲट <= :दृश्य_आत्ता)

बाहेरचा कंस काढू नका, त्याचं कारण पुढे आहे. उपनाव फंक्शनला आपल्या कोडमधूनच द्यायचं. यूआरएलमधून किंवा फॉर्ममधून आलेलं काहीही तिथे पोचता कामा नये, कारण टेबल-कॉलमची नावं पॅरामीटर म्हणून बांधता येत नाहीत. पॅरामीटरला ‘दृश्य_’सारखा उपसर्ग लावा. पीडीओत (पीएचपीच्या डेटाबेस लायब्ररीत) पॅरामीटरचं एम्युलेशन बंद असेल तर एकाच नावाचा पॅरामीटर एका क्वेरीत दोनदा वापरता येत नाही, आणि ‘:आत्ता’ असं साधं नाव दिलं की कोणाच्या तरी क्वेरीतल्या त्याच नावाशी टक्कर होते.

लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये हीच अट मॉडेलवर लोकल स्कोप (नाव दिलेली, हवी तेव्हा लावायची अट) म्हणून लिहा. लक्षात ठेवायचं ते इतकंच की ‘डीबी::टेबल’ने सुरू झालेली क्वेरी मॉडेलकडे जातच नाही, तिला तुमचा स्कोपही लागत नाही आणि सॉफ्ट डिलीटही (रेकॉर्ड न पुसता फक्त डिलीट झाल्याची खूण करणं). जुन्या रिपोर्टमध्ये डिलीट केलेले लेख दिसण्यामागे हेच असतं.

जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये क्वेरीसेटचा सबक्लास करून त्यात ‘व्हिजिबल’ मेथड लिहा आणि ‘ॲज_मॅनेजर’ने तो मॉडेलला जोडा. मग लेखकाकडून त्याच्या लेखांकडे जातानाही तीच मेथड मिळते. गाळलेला मॅनेजर पहिला लिहू नका. मॉडेलमध्ये पहिला येतो तो डीफॉल्ट मॅनेजर ठरतो आणि ॲडमिन तोच वापरतं, म्हणजे ड्राफ्ट संपादकांनाच दिसेनासे होतात.

रेल्स या रुबी फ्रेमवर्कमध्ये लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) दिलेला स्कोप, आणि दुसऱ्या टेबलकडून येताना ‘जॉइन्स’नंतर ‘मर्ज’. तिथे एक खाच आहे: स्कोपच्या लॅम्डाने नल परत दिला तर सगळे रेकॉर्ड येतात. आत ‘इफ’ असलेला स्कोप अट न लागता गुपचूप सगळं उघडं करू शकतो.

रिपॉझिटरी क्लास (एका टेबलच्या सगळ्या क्वेरी ठेवायची जागा) ठेवणं चांगलंच, पण त्यात ‘विभागानुसार दिसणारे ताजे लेख लेखकासह’ अशा लांबलचक नावांच्या मेथड साचायला लागल्या की समजा, नियम वेगळा काढायचा राहिला आहे. नियमाची छोटी अट आधी, रिपॉझिटरी तिच्यावर.

ग्लोबल स्कोपचा मोह

‘प्रत्येक वेळी व्हिजिबल लिहायचं विसरलं तर? त्यापेक्षा मॉडेललाच कायमची अट लावू.’ हा विचार येतोच, आणि दृश्यतेच्या नियमासाठी तो त्रासाचा ठरतो. नव्या लेखाचा स्लग (यूआरएलमधलं नाव) आधीपासून वापरात आहे का हे मॉडेलमार्फत तपासलं जातं; लपलेला लेख त्या तपासणीला दिसत नाही, स्लग मोकळा वाटतो आणि इन्सर्ट करताना युनिक कन्स्ट्रेंट फुटतो. रेल्सच्या ‘डीफॉल्ट_स्कोप’मध्ये हॅशने दिलेली अट नव्या रेकॉर्डमध्येही भरली जाते, म्हणजे नवा लेख तयार होतो तोच ‘पब्लिश्ड’ स्टेटस घेऊन. मग या अडचणींतून सुटायला कोणी ‘अनस्कोप्ड’ किंवा लारावेलचं ‘विदाउटग्लोबलस्कोप्स’ नावाशिवाय लावतं आणि त्याबरोबर सॉफ्ट डिलीटची अटही निघून जाते.

एकाच डेटाबेसमध्ये अनेक ग्राहकांचा डेटा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अट विसरली तर एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो, म्हणून ती कायमचीच हवी. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून असलेली रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) हे काम डेटाबेसच्या पातळीवर करते. मात्र टेबलचा मालक असलेल्या युजरला ती लागू होत नाही. ॲप त्याच युजरने जोडलं असेल तर ‘फोर्स रो लेव्हल सिक्युरिटी’ द्यावं लागतं, आणि सुपरयुजरला तर ती कधीच अडवत नाही.

एकत्र केल्यावर नव्याने बिघडतं ते

कंसाशिवायचा ‘ऑर’. नियमात पुढे सूट येते: प्रसिद्ध झालेला किंवा प्रीव्ह्यूसाठी खुला. अटीचा मजकूर कंसाशिवाय असेल आणि त्याच्यापुढे ‘अँड विभाग = ७’ जोडलं तर ‘अँड’ आधी बांधला जातो. अर्थ होतो ‘प्रसिद्ध झालेला कुठलाही लेख, किंवा विभाग ७ मधला खुला लेख’, आणि विभागाच्या पानावर सगळ्या साइटचे लेख येतात. एकत्र केलेल्या अटीत ही चूक एकाच वेळी दहा पानांवर दिसते. म्हणून बाहेरचा कंस फंक्शनच्या आतच हवा, वापरणाऱ्याच्या भरवशावर नको.

गोठलेली वेळ. सध्याची वेळ फाइल लोड होताना काढून ठेवली तर सर्व्हर सुरू झाला त्या क्षणाला ती थांबते. लक्षण अगदी ओळखू येण्यासारखं: नवे लेख दिसत नाहीत, डिप्लॉय किंवा रीस्टार्ट केलं की एकदम सगळे दिसतात. डेव्हलपरच्या मशीनवर हा दोष सापडत नाही, कारण तिथे सर्व्हर दर काही मिनिटांनी नव्याने लोड होत असतो. वेळ नेहमी फंक्शनच्या आत, ते बोलावलं जाईल तेव्हाच काढा. त्याहून चांगलं म्हणजे ती बाहेरून घेता येईल अशी ठेवा. टेस्टमध्ये ठरावीक वेळ देता येते आणि एका पानावरच्या सगळ्या क्वेरी एकच क्षण धरतात.

अटीच्या आतला जॉइन. ‘लेखाला निदान एक मान्य फोटो हवा’ अशी अट जॉइनने लिहिली तर तीन फोटोंचा लेख तीनदा येतो. मग कोणीतरी वर ‘डिस्टिंक्ट’ लावतं, यादी ठीक दिसते, पण वाचनसंख्येची बेरीज तिप्पटच राहते. एकत्र केलेल्या अटीत दुसऱ्या टेबलबद्दल काहीही विचारायचं असेल तर ‘एग्झिस्ट्स’ वापरा. त्याने ओळी वाढत नाहीत आणि वापरणाऱ्याच्या जॉइनशी भांडणही होत नाही.

लेफ्ट जॉइनवर लावलेली अट. सगळे विभाग आणि त्यातल्या दिसणाऱ्या लेखांची संख्या हवी असते. अट ‘व्हेअर’मध्ये गेली की शून्य लेख असलेले विभाग यादीतूनच जातात, कारण त्यांच्या बाजूला लेखाचे सगळे कॉलम नल असतात. इथे अट ‘ऑन’मध्ये जायला हवी. आपलं फंक्शन नुसता मजकूर देत असेल तर हे सहज जमतं. ते थेट ‘व्हेअर’ जोडत असेल तर अडतं.

जँगोची साखळी. एकाकडून अनेकांकडे जाणाऱ्या नात्यावर दोन अटी एकाच ‘फिल्टर’मध्ये दिल्या तर दोन्ही एकाच संबंधित रेकॉर्डला लागतात. दोन वेगळ्या ‘फिल्टर’मध्ये दिल्या तर प्रत्येक अट वेगळ्या रेकॉर्डने पुरी केली तरी चालते. ‘मान्य केलेली आणि या आठवड्यातली प्रतिक्रिया असलेले लेख’ हे दोन मेथडमध्ये तोडून साखळीने जोडलं, तर जुनी मान्य आणि नवी अमान्य प्रतिक्रिया असलेला लेखही येतो. असे जोड-नियम एकाच मेथडमध्ये ठेवा.

प्रीफेचनंतरची गाळणी. लेखांबरोबर प्रतिक्रिया प्रीफेच केल्या (आधीच एकत्र आणून ठेवल्या) आणि टेम्प्लेटमध्ये त्यांच्यावर पुन्हा ‘फिल्टर’ लावला तर आणलेला साठा बाजूला पडतो आणि प्रत्येक लेखामागे नवी क्वेरी जाते. अट प्रीफेचमध्येच द्या. जँगोत त्यासाठी ‘प्रीफेच’ ऑब्जेक्टला क्वेरीसेट देता येतो.

मोजणी आणि यादी यांची तफावत मात्र यानंतर सहज सुटते: आधी अटींसह मूळ क्वेरी बांधा आणि तिच्यातूनच एकदा मोजणी, एकदा यादी काढा. क्रम लावताना शेवटी आयडी जोडा. दोन लेखांची वेळ सारखी असली की डेटाबेस त्यांचा क्रम बदलू शकतो आणि एकच लेख पान १ वर नि पान २ वर दोन्हीकडे येतो.

व्ह्यू कधी, इंडेक्स कसा

वेबसाइट, रिपोर्टिंगची स्क्रिप्ट आणि आणखी एखादा प्रोग्रॅम वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले असून एकच डेटाबेस वापरत असतील तर नियम व्ह्यूमध्ये (डेटाबेसमध्ये नावाने साठवलेल्या क्वेरीत) ठेवणं सोयीचं. सगळं एकाच कोडमध्ये असेल तर त्याची गरज नसते. व्ह्यूत ‘सिलेक्ट स्टार’ लिहू नका: व्ह्यू बनवला त्या वेळचे कॉलम त्यात कायम होतात, टेबलला नंतर जोडलेला कॉलम त्यात येत नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू’ने नवे कॉलम फक्त शेवटी जोडता येतात, मधला काढायचा किंवा त्याचा प्रकार बदलायचा तर व्ह्यू ड्रॉप करून नव्याने करावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यूत ‘ग्रुप बाय’ किंवा ‘डिस्टिंक्ट’ असेल तर तो बाहेरच्या क्वेरीत विरघळत नाही, टेंपररी टेबल बनतं आणि मोठ्या डेटावर पान रेंगाळतं. व्ह्यूवर व्ह्यू चढवणं टाळाच.

अट सगळीकडे अक्षरशः एकच झाली की एक इंडेक्स साऱ्या पानांना पुरतो. पोस्टग्रेसमध्ये ‘स्टेटस पब्लिश्ड आणि डिलीटेड_ॲट नल’ एवढ्याच ओळींवर पार्शल इंडेक्स करता येतो. त्याच्या अटीत ‘नाऊ()’ चालत नाही, वेळेचा कॉलम इंडेक्सचा भाग म्हणून घ्या. वरच्या मजकुरात ‘पब्लिश्ड’ थेट लिहिलं आहे, पॅरामीटर केलं नाही, ते याचसाठी: स्टेटस पॅरामीटर म्हणून आलं आणि प्लॅनरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने) सर्वसाधारण प्लॅन धरला तर त्याला आतली किंमत माहीत नसते आणि तो हा इंडेक्स वापरू शकत नाही. ती किंमत आपल्या कोडमधली स्थिर असल्यामुळे इंजेक्शनचा धोका नाही. मायएसक्यूएलमध्ये पार्शल इंडेक्स नाही. तिथे स्टेटस, डिलीटेड_ॲट, विभाग आणि शेवटी पब्लिश_ॲट असा जोड इंडेक्स करा. बरोबरीच्या अटींचे कॉलम आधी, ‘पेक्षा कमी’वाला शेवटी.

बदल लावताना

जागा बदलणं आणि वागणूक बदलणं एकाच कमिटमध्ये करू नका. आधी प्रत्येक जागी नियम नव्या फंक्शनमधून येऊ द्या, पण निकाल पूर्वीचाच. ज्या जागी निकाल बदलणार आहे ती वेगळ्या कमिटमध्ये, तक्त्यातल्या निर्णयाचा उल्लेख करून.

प्रत्येक जागेसाठी जुनी आणि नवी क्वेरी प्रॉडक्शनच्या प्रतीवर चालवून पाहा. दोन्हीतून फक्त आयडी घ्या, ‘नाऊ()’च्या जागी एकच ठरावीक वेळ लिहा, मर्यादा काढून टाका आणि मध्ये ‘एक्सेप्ट ऑल’ टाका, म्हणजे पहिलीत असलेल्या पण दुसरीत नसलेल्या ओळी उरतात. मग क्रम उलटा करून पुन्हा चालवा. एकाच दिशेने पाहिलं तर अर्धेच फरक दिसतात. नुसतं ‘एक्सेप्ट’ दुबार ओळी दडवतं, म्हणून ‘ऑल’ हवंच. मायएसक्यूएलमध्ये हे ८.०.३१ पासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ‘नॉट एग्झिस्ट्स’ने आणि दोन्हीकडच्या मोजणीने काम भागवा. निघालेला प्रत्येक आयडी तक्त्यातल्या कोणत्या रकान्यामुळे आला ते सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती जागा अजून समजलेली नाही, तिला हात लावू नका.

नंतर दोन्हींचा ‘एक्स्प्लेन’ (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा) पाहा. आणि सुरुवात कमी धोक्याच्या जागेपासून करा: आरएसएस आधी, सर्च आणि मुखपृष्ठ शेवटी.

प्रती पुन्हा उगवू नयेत म्हणून

टेस्टसाठी लेखांचा एक ठरलेला संच करा, ज्यात प्रत्येक लेख नेमक्या एकाच कारणाने अपात्र आहे: एक ड्राफ्ट, एक आर्काइव्ह्ड, एक भविष्यातला, एक डिलीट केलेला, एक ‘पब्लिश_ॲट’ नल असलेला. त्याबरोबर एक पूर्ण पात्र आणि एक बरोब्बर आत्ताच्या क्षणी प्रसिद्ध होणारा. क्वेरीतून शेवटचे दोनच यायला हवेत. मग हाच संच एकेका रेकॉर्डला तपासणाऱ्या फंक्शनमधून चालवा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघा. ‘एक्सेप्ट’च्या वेळी जो प्रकार नव्याने सापडेल तो या संचात घालत जा.

याहून जास्त उपयोगी पडते ती पानांवरची टेस्ट. कुठेच न आढळणाऱ्या शीर्षकाचा एक लपलेला लेख तयार करा आणि मुखपृष्ठ, विभाग, लेखकाचं पान, सर्च, आरएसएस, साइटमॅप, एपीआय या सगळ्यांच्या उत्तरात ते शीर्षक नाही हे तपासा. क्वेरी आत कशी लिहिली आहे याच्याशी या टेस्टला देणंघेणं नाही, म्हणून उद्या कोणी हाताने एसक्यूएल लिहिलं तरी ती पकडते. यूआरएलची यादी हाताने लिहिण्याऐवजी राउटच्या नोंदीतून काढता आली तर नवं पान आपोआप तपासलं जातं. क्वेरींच्या संख्येवर नजर ठेवायला जँगोत ‘असर्टनमक्वेरीज’, लारावेलमध्ये ‘प्रिव्हेंटलेझीलोडिंग’, रेल्समध्ये ६.१ पासून ‘स्ट्रिक्ट_लोडिंग’ आहे.

शेवटी सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) एक साधी पायरी: ‘पब्लिश_ॲट’ आणि ‘डिलीटेड_ॲट’ ही नावं नियमाच्या फाइलबाहेर, मायग्रेशन आणि टेस्ट सोडून, कुठेही सापडली तर बिल्ड फेल. लेखकाचा डॅशबोर्ड, ॲडमिनचा कचरापेटी विभाग अशा खऱ्या अपवादांची एक फाइल कोडच्या गिट रिपॉझिटरीतच ठेवा. प्रत्येक अपवादासमोर एका ओळीत कारण लिहिलेलं हवं, आणि पहिल्या दिवशीची यादी तक्त्यातल्या ‘मुद्दाम’ ठरलेल्या रकान्यांवरूनच भरा. त्या फाइलमध्ये नवी ओळ घालणाऱ्या पुल रिक्वेस्टला मजकुराची जबाबदारी असणाऱ्याची मंजुरी सक्तीची करा.